मावशी, आई आता कुठे आहे?

पत्र : मावशी, जय ख्रिस्त. आम्ही नगरचे. पप्पांकडे तीन पिढ्यांपासून ख्रिस्ती, आई मराठा घरातली, दोघांचं लव्ह मॅरेज. आईनं बाप्तिस्मा घेतला नाही आणि पप्पांनी कधी जबरदस्ती केली नाही. दर रविवारी आम्हा दोघा भावंडांना इस्त्रीचे कपडे घालून, दानाचं नाणं रुमालाच्या गाठीत बांधून चर्चला आणायची आणि स्वतः बाहेर कडुलिंबाखाली बसून आतली गाणी गुणगुणायची. घरात तुळस होती, आषाढीचा उपास होता, नाताळच्या करंज्याही तीच करायची. मागच्या वर्षी कॅन्सरनं गेली. धाकटा भाऊ (वय २४) दोन वर्षांपासून पुण्यात एका नवीन ख्रिस्ती फेलोशिपमध्ये जातो. शेवटच्या आठवड्यात आयसीयूत तो तिला सारखा म्हणत होता, माझ्यामागून प्रार्थना म्हण. ती हसली आणि म्हणाली, "माझा विठोबा आणि तुमचा येशू, ते बघून घेतील आपसात." आता वर्ष होतंय. मामा वर्षश्राद्ध घालणार आहेत, आम्हाला बोलावलंय. भाऊ म्हणतो जायचं नाही, उलट आपण घरी स्मरणार्थ प्रार्थना ठेवू, मामांकडच्यांना बोलवू, आणि त्याच्या पास्टरांनी सरळ सांगावं की आई नाशात गेली, तुमच्यावर ती वेळ येऊ देऊ नका. मी रडले तर म्हणाला, मी पण रडतो, रोज रात्री, पण वचन बदलता येत नाही. मावशी, खरंच असंच आहे का? आई आता कुठे आहे? — नगरची एक मुलगी

जय ख्रिस्त बाळा.

आधी उत्तर देऊन टाकते, मग बाकीचं बोलू. आई कुठे आहे हे मला माहीत नाही. तुझ्या भावालाही माहीत नाही आणि त्याच्या पास्टरांनाही नाही, आणि आम्हा तिघांमध्ये फरक एवढाच की मी ते कबूल करतेय.

आता तुला वाटेल मावशी गुळमुळीत बोलून सुटणार. नाही. "असं काही नसतं गं, सगळे रस्ते एकाच ठिकाणी जातात" हे तुला शेजारच्या काकूंनी सांगून झालं असेल, कॉलेजातल्या मैत्रिणींनी सांगून झालं असेल, आणि त्यानं तुझं रडू थांबलं नाही म्हणूनच तू मला लिहिलंस ना. भाऊ जे बोलतोय ते त्यानं मनानं रचलेलं नाहीये. योहानाच्या १४ व्या अध्यायात प्रभू स्वतः म्हणतो की मार्ग, सत्य व जीवन मीच आहे, माझ्याद्वारे आल्यावाचून पित्याकडे कोणी येत नाही. प्रेषितांची कृत्ये, ४ था अध्याय, तिथं येशूचा शिष्य पेत्र भर न्यायसभेत सांगतो की तारण, म्हणजे नाशातून सुटका, दुसऱ्या कोणाकडून नाही. हे खोडता येत नाही, आणि मी खोडणारही नाही, माझा स्वतःचा विश्वास तोच आहे.

पण नीट वाच की. ही वाक्यं तारण *कोण करतो* ते सांगतात. *कोणाकोणाचं* झालं त्याची यादी त्यात नाही. आपली गल्लत नेमकी इथं होते, आणि ती काही तुझ्या भावानं पहिल्यांदा केलेली नाही, चांगली सतराअठराशे वर्षं चाललीय.

भावाला एक साधा प्रश्न विचार, अब्राहाम तारला गेला का? तो हो म्हणेल, म्हणावंच लागेल. मोशे? हो. राहाब, ती यरीहोची वेश्या? इब्री लोकांस पत्राच्या ११ व्या अध्यायात तिचं नाव आहे, म्हणजे हो. यातल्या एकानंही नासरेथच्या येशूचं नाव ऐकलं नव्हतं, बाप्तिस्मा घेतला नव्हता, कोणाच्या मागून प्रार्थना म्हटली नव्हती. तरी अगदी कडक शिकवण असलेल्या मंडळ्याही (म्हणजे चर्चही) म्हणतात की त्यांचं तारण ख्रिस्ताच्याच द्वारे झालं. मग "ख्रिस्ताद्वारे तारण" आणि "ख्रिस्ताचं नाव घेऊन तारण" या दोन गोष्टी एकच नाहीत, हे सगळ्यात कडक लोकांनीही मानलेलंच आहे, फक्त अब्राहामापुरतं मानायचं आणि तुझ्या आईपाशी आलं की विसरायचं.

आणि आणखी एक. लूक १३ मध्ये एक माणूस येशूला हाच प्रश्न विचारतो, प्रभू, तारण होणारे थोडेच आहेत का? केवढी सोन्यासारखी संधी होती, आकडा सांगून टाकायचा. येशू आकडा देत नाही. तो म्हणतो, दरवाजा अरुंद आहे, तुम्ही आत जायची धडपड करा. म्हणजे विचारलं लोकांचं, उत्तर मिळालं स्वतःचं. योहानाच्या अगदी शेवटी पेत्र दुसऱ्या शिष्याकडे बोट दाखवून विचारतो, याचं काय होणार, तेव्हा तर सरळ झापलाच आहे त्याला, तुला त्याच्याशी काय करायचंय, तू माझ्यामागे ये. मी संडे स्कूलला एकवीस वर्षं शिकवलं, आणि खरं सांगते, हा प्रसंग मला स्वतःला फार उशिरा कळला. पोरांना "याचं काय" विचारायची भारी हौस असते आणि पाळकांना त्याहून जास्त.

आता थोडा इतिहास सांगते, कारण भाऊ म्हणेल की मावशी ढिली पडली, पूर्वी मंडळी ठाम होती. ठाम होती हे खरंय. "मंडळीबाहेर तारण नाही" हे तिसऱ्या शतकातल्या कार्थेजच्या बिशप सिप्रियानचं म्हणणं, पण त्याचं भांडण चाललं होतं मंडळीतून फुटून निघालेल्या ख्रिस्ती लोकांशी, कडुलिंबाखाली बसलेल्या बायांशी नाही. पुढं ते वाढत वाढत गेलं, आणि १४४२ साली फ्लॉरेन्सच्या धर्मसभेनं लिहूनच टाकलं की मूर्तिपूजक, यहुदी, पाखंडी, फुटीर, मरणाआधी मंडळीत आले नाहीत तर सगळे अग्नीत. त्या काळी युरोपातल्या माणसाला वाटायचं की सुवार्ता, म्हणजे ख्रिस्ताचा संदेश, जगभर पोचलीच आहे, ज्यांनी घेतली नाही ते हट्टी. अमेरिका त्यांच्या गावीही नव्हती, अजून पन्नास वर्षं होती तिला.

मग फ्रान्सिस झेवियर हा धर्मप्रसारक जपानात गेला. तोच, ज्याचं शव जुन्या गोव्यात बॉम जीजसमध्ये आहे. १५४९ ते १५५१ तो तिथं होता आणि १५५२ च्या जानेवारीत कोचीनहून युरोपातल्या सोबत्यांना त्यानं जे पत्र लिहिलं, त्यात त्यानं काहीही न लपवता सांगितलंय की तिथं नव्यानं ख्रिस्ती झालेले लोक त्याला एकच प्रश्न विचारायचे, आमच्या आईबापांचं काय? त्यांच्यासाठी दान केलं, प्रार्थना केल्या, तर ते सुटतील का? झेवियर म्हणायचा, नाही, नरकातून सुटका नाही. आणि ते लोक रडायचे. मेलेल्या आया, बाप, बायका, पोरं यांच्यासाठी ढसाढसा रडायचे, आणि झेवियर लिहितो की आपल्या या मित्रांना रडताना बघून मलाही वाईट वाटतं. बघ हं, संत झालेला माणूस, ठाम शिकवण, आणि समोर रडणारी माणसं. त्यानं शिकवण बदलली नाही पण डोळे मिटूनही घेतले नाहीत. तुझा भाऊ रोज रात्री रडतो म्हणालीस ना, तो त्याच जागी उभा आहे, फक्त झेवियर दुसऱ्यांच्या आईबद्दल बोलत होता आणि हा स्वतःच्या.

याच्याही कितीतरी आधीची गोष्ट आहे, मला फार आवडते. सन ३९२, रोमचा तरुण सम्राट दुसरा व्हॅलेंटिनियन, तुझ्या भावापेक्षाही लहान, बाप्तिस्मा न घेताच मेला. बाप्तिस्मा द्यायला मिलानच्या बिशप अँब्रोजला यायचा निरोप गेलेला, तो पोचायच्या आत हा गेला. त्याच्या बहिणी समोर बसलेल्या, आणि त्यांचंही दुःख हेच की आमचा भाऊ बाप्तिस्म्याशिवाय गेला. अँब्रोज काही मवाळ गडी नव्हता, सम्राटांना खडसावणारा माणूस तो. पण त्या बहिणींसमोर तो म्हणाला, अगं माणसाच्या हातात इच्छा करण्यापलीकडे असतं तरी काय, आणि इच्छा तर त्यानं केली होती. तू म्हणशील माझ्या आईनं तेवढीही केली नव्हती. बरोबर आहे, फरक आहे, मी लपवत नाही. मी एवढंच दाखवतेय की ज्याला नियम आपल्या सगळ्यांपेक्षा जास्त पाठ होते त्यालाही रडणाऱ्या बहिणींसमोर "नाशात गेला" म्हणवलं नाही.

आणि उलटी गंमत ऐक. अमेरिकेत बोस्टनला लिओनार्ड फीनी नावाचे एक कॅथलिक धर्मगुरू होते, कॅथलिक मंडळीबाहेरचा एकही माणूस तारला जाणार नाही असं ते चौकात उभं राहून सांगायचे. १९४९ मध्ये रोमहून पत्र आलं की या वाक्याचा अर्थ असा लावायचा नसतो, नकळत बाहेर राहिलेल्या माणसाची मनातली ओढसुद्धा धरली जाते. यांनी ऐकलं नाही, रोमला बोलावलं तर गेले नाहीत, शेवटी १९५३ मध्ये त्यांनाच मंडळीबाहेर काढलं. बाहेर तारण नाही म्हणणारा स्वतःच बाहेर! (नंतर १९७२ मध्ये परत घेतलं त्यांना, मायाळूपणे, त्यांचं म्हणणं मागे घ्यायला न लावता असं म्हणतात.) पुढं दुसऱ्या व्हॅटिकन सभेत १९६४ ला कॅथलिक मंडळीनं अधिकृतपणेच लिहिलं की ज्यांना स्वतःच्या दोषाशिवाय ख्रिस्ताची ओळख झाली नाही, पण जे प्रामाणिक मनानं देवाला शोधतात आणि सदसद्विवेकबुद्धीनं वागतात, त्यांनाही तारण मिळू शकतं. मिळतंच असं नाही लिहिलं हं, मिळू शकतं.

भाऊ म्हणेल ते कॅथलिकांचं, आपण प्रोटेस्टंट, आपलं काय. तर आपल्यातलंच घे. जॉन स्टॉट या इंग्रज पाळकांचं नाव त्याला माहीत असेल, त्याच्या फेलोशिपमध्ये पुस्तकं नक्की फिरत असतील. १९७४ चा लोझान करार, जगभरातल्या सुवार्तावाद्यांचा, त्याचा मसुदा मुख्यतः स्टॉटनीच केलेला, आणि त्यात ख्रिस्त हा एकच तारणारा हे ठणकावून सांगितलंय. तेच स्टॉट, ज्यांच्यापर्यंत सुवार्ता पोचली नाही त्यांचं पुढं काय, यावर म्हणायचे की हे आपल्याला माहीत नाही असं म्हणणंच जास्त ख्रिस्ती आहे. एकीकडे एवढं ठाम, दुसरीकडे एवढं गप्प. मला हे दोन्ही एका माणसात मावतं याचाच आधार वाटतो.

यावर भावाच्या हातातला शेवटचा पत्ता मला माहितीये. "पण आईपर्यंत पोचली होती ना! तिनं ऐकलं होतं, तिला संधी होती." इथं मी थोडी चिडणार आहे, माफ कर. काय ऐकलं होतं तिनं? कानावर पडणं म्हणजे ऐकणं का? तिच्यासाठी बाप्तिस्मा म्हणजे नुसतं पाणी नव्हतं, माहेर होतं. भाऊबीज होती. लक्ष्मीबाई टिळकांचं काय झालं ते आठव, रेव्हरंड टिळकांनी १८९५ ला बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाई काही वर्षं वेगळ्या राहिल्या, नातेवाईक एकीकडे आणि नवरा एकीकडे, आणि आल्या तेव्हा स्वतःच्या पायानं, स्वतःच्या वेळेनं आल्या. मधल्या वर्षांत त्यांना ताप येऊन काही झालं असतं तर? टिळकांनी काय म्हटलं असतं, नाशात गेली? मला नाही वाटत. हेच टिळक, जे म्हणायचे की मी तुकोबाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, त्यांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून साताऱ्यात "देवाचा दरबार" काढला, आणि तो कोणासाठी, तर बाप्तिस्मा घेतलेल्या *आणि न घेतलेल्या* ख्रिस्तभक्तांसाठी. दोनच वर्षांत ते गेले आणि दरबार राहून गेला. पण आपल्याच मराठी मंडळीत कडुलिंबाखालच्या बायांसाठी सतरंजी टाकणारा एक माणूस होऊन गेला, हे तुझ्या भावाला कोणी सांगितलेलं दिसत नाही.

तशी आपल्या प्रत्येक घरात दोनचार पिढ्या मागे गेलं की बाप्तिस्मा न घेतलेली एक आजी सापडतेच. आमच्याकडे होती. आजोबांनी घेतला, पणजीनं नाही घेतला, आणि ती शेवटपर्यंत आजोबांचं पवित्र शास्त्र रोज पदरानं पुसून कोनाड्यात ठेवायची, हळदीकुंकू मात्र लावू देत नाहीत म्हणून कुरकुरायची.

आता उलट बाजूनंही एक सांगते. तुला धीर द्यायला कोणीतरी म्हणेल की आई मनातून ख्रिस्तीच होती, तिला माहीत नव्हतं एवढंच. कार्ल राहनर म्हणून मोठे जर्मन धर्मपंडित होते, त्यांनी अशांना "अनामिक ख्रिस्ती" असं नावच दिलं. हेतू फार चांगला. पण मला ते पचत नाही. तुझी आई विठोबाचं नाव घेऊन गेली, शुद्धीत, हसत. तिला मरणानंतर गुपचूप आपल्या रजिस्टरात चढवायचं म्हणजे आयसीयूत तिनं जे प्रेमानं नाकारलं तेच मागच्या दारानं करून घ्यायचं. ती होती तशी राहू दे. देवाला ती होती तशीच माहीत आहे.

बरं, आता भावाकडे येते, कारण खरं पत्र त्याचं आहे असं मला वाटतं. तुझ्या पत्रातली आयसीयूची ओळ मी तीनदा वाचली. चोवीस वर्षांचा मुलगा, आईला नळ्या लावलेल्या, आणि याच्या डोक्यात कोणीतरी घातलंय की तिचं तारण होणं न होणं तुझ्या हातात आहे. आठवडाभर धडपडला. आई हसली आणि गेली. तो आईवर चिडलेला नाहीये गं, तो स्वतःला फेल समजतोय, आणि मामांना घाबरवून ती परीक्षा पुन्हा द्यायची आहे त्याला. तू त्याच्याशी तारणावर वाद घालशील तर तो तुला चार वचनं जास्त काढून दाखवेल, आणि रात्री परत रडेल. त्यापेक्षा त्याला एकटा गाठ, चहा कर, आणि आधी एवढंच सांग की आईला तू प्रार्थना म्हणायला लावू शकला नाहीस हा तुझा गुन्हा नाही. मग त्याचंच वचन त्याला दे, इफिस २, कृपेनेच तारण झालेले आहे, कर्माने नाही, कोणी आढ्यता बाळगू नये. कर्मानं नाही म्हणजे त्याच्याही कर्मानं नाही. त्याच्या धडपडीवर आईचा शेवट टांगलेला असेल तर ती कसली कृपा!

पण एका गोष्टीला मात्र ठाम नाही म्हण. ती प्रार्थनासभा त्यानं ठरवलीय तशी होता कामा नये. आपल्या भाषेत तारण शब्दाला दोन अर्थ आहेत, एक चर्चमधला आणि एक बँकेतला, आणि भाऊ जे करायला निघालाय ते दुसरं आहे, मामांची भीती वसूल करायला आईला तारण ठेवणं. भावजयी, मामी, म्हातारी आजी असेल तर ती, तुमच्या घरी तुमचा चहा पिऊन बसलेली माणसं, आणि त्यांच्या लेकीबद्दल एक परका माणूस उभा राहून असं बोलणार? ज्यानं तिला कधी पाहिलंही नाही? पास्टरांना आधी फोन कर. तूच कर, पप्पांना पुढं करू नकोस. नम्रपणे सांग की आमच्या आईच्या गतीवर निकाल देऊ नका, स्तोत्र २३ वाचा, रोमकरांस पत्राचा ८ वा अध्याय वाचा, तिच्या आयुष्याबद्दल देवाचे आभार माना आणि तिला त्याच्या हाती सोपवा. ते जमणार नाही म्हणाले तर नगरच्याच तुमच्या जुन्या पाळकांना बोलाव, ज्यांनी तिला वीसएक वर्षं झाडाखाली बसलेलं बघितलंय. (आत या म्हणून किती वेळा बोलावलं तेही जमलं तर विचार त्यांना. मला उत्तराची थोडी भीतीच वाटते.)

मामांकडे जा. तुझ्या विवेकाला पिंडदान पटत नसेल तर मामांना आधीच सांग की मी विधीला हात लावणार नाही, पण येणार, बसणार, वाढणार, जेवणार. मराठा घरात वाढायला हात कमीच पडतात, कोणी नाही म्हणायचं नाही. नैवेद्याच्या जेवणाबद्दल पौलानं करिंथकरांना लिहिलंय ते वाच, आणि दुसरे राजे ५ मधला नामान वाच. तो अरामी सेनापती अलीशाला म्हणतो की माझा राजा माझ्या हातावर टेकून रिम्मोनाच्या देवळात वाकतो तेव्हा मलाही वाकावं लागतं, परमेश्वरानं एवढं माफ करावं. अलीशा लांबलचक उपदेश करत नाही. म्हणतो, शांतीनं जा. भावाला यायचं नसेल तर ओढू नकोस, त्याचं मन त्याचं आहे. फक्त एवढं त्याच्या कानावर घाल की मामा श्राद्ध घालतायत ते कशासाठी, तर बहिणीला गती मिळावी म्हणून, ती कुठं अडकून राहू नये म्हणून. म्हणजे काळजी तीच आहे. एकाच बाईसाठी दोन घरांत दोन माणसं झोपत नाहीयेत आणि एकमेकांना वैरी समजतायत.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर मी पहिल्याच ओळीत देऊन बसलेय, मला माहीत नाही. ज्याला माहीत आहे तो चोराला क्रूसावर, अगदी शेवटच्या तासाला, बाप्तिस्मा नाही, मंडळी नाही, काही नाही, आज तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील म्हणाला होता, आणि तेव्हा खाली उभ्या असलेल्या कोणालाही विचारलं नव्हतं. मी माझ्या पणजीला त्याच माणसाच्या हातात सोडलंय. तू सोडू शकशील का ते मला ठरवता येत नाही, एका वर्षात जमेल असंही नाही.

आणि हो, झाडाखाली बसून आई कुठलं गाणं गुणगुणायची ते तू लिहिलं नाहीस. भावाला विचार, नाण्याची गाठ सोडत तो तिच्याकडेच बघत असणार, त्याला आठवेल. कळलं की मला कळव.

— मावशी